नव्याकोऱ्या मॉडेल वॅगनवर मुद्दाम गंज का चढवतात?

अमेरिकेत मॉडेल रेल्वेचे अनेक शौकीन नवी मालवाहू वॅगन विकत घेतात आणि मुद्दाम 'जुनी' करतात. याला म्हणतात वेदरिंग. कारण? १:८७ प्रमाणाच्या 'एचओ' स्केलमध्ये ४० फुटी वॅगन जेमतेम १४ सेंटिमीटरची होते. त्यात ती चकचकीत असली, की खेळणंच वाटते.

हे करतात कसं? आधी मॅट स्प्रे. त्याने चमक जाते आणि पुढचे थर धरतात. मग पातळ काळपट रंग. तो फटींत आणि रिव्हेटभोवती साचतो. शेवटी गंजाच्या रंगाची खडूची पूड ब्रशने वरून खाली ओढतात, कारण पावसाचं पाणी गंज खाली नेतं. चाकांनी उडवलेला चिखल मात्र खालून वर दाखवतात.

अति झालं, तर महागडं मॉडेल वाया जातं. म्हणून खऱ्या वॅगनचा फोटो समोर हवा आणि पहिला प्रयोग स्वस्तातल्या वॅगनवर.