आंबोलीच्या रानांतील आवाज

दिवेलागणीनंतर रेडिओवरील बातम्या ऐकतांना, त्या कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आल्या याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. बातमी सांगणाऱ्याचा जेथें द्वेष होतो, तेथें ती वाट किती बिकट होते, याचें एक उदाहरण आमच्या सिंधुदुर्गाच्या घाटमाथ्यावरच घडलें आहे.

गोव्याच्या पोर्तुगीज सरकारला मोकळ्या बातमीचें मोठें वावडें होतें. लग्नपत्रिकासुद्धां सरकारी परीक्षकाच्या नजरेखालून गेल्याविना छापतां येत नसे. मग राजकीय वृत्ताची काय कथा! १५ ऑगस्ट १९५५ रोजीं सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर हिंदुस्थान सरकारनें सरहद्द बंद केली आणि गोमंतकीयांच्या कानीं बहुधा सरकारी वार्ताच पडूं लागल्या. अशा वेळीं वामन सरदेसाई आणि मुंबईंत शिकलेल्या लिबिया लोबो यांनीं २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलांतून गुप्त नभोवाणी सुरू केली. दादरा-नगरहवेली मुक्त झाली तेव्हां हातीं लागलेले दोन बिनतारी संच हें त्यांचें भांडवल. पुढें केंद्र कॅसल रॉकच्या रानांत हललें. परंतु कोंकणी व पोर्तुगीज भाषांतील हा आवाज डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त होईपर्यंत थांबला नाहीं.

मात्र या मंडळींना पणजीच्या कचेरींत जाऊन अधिकाऱ्याला प्रश्न विचारतां येत नव्हता, कीं गोळी लागलेल्याच्या घरीं जाऊन विचारपूस करतां येत नव्हती. प्रतिपक्षाचें प्रक्षेपण कान देऊन ऐकावें, वर्तमानपत्रें चाळावीं आणि त्यांतील असत्य निवडून उत्तर द्यावें, हाच त्यांचा मार्ग. द्वेषानें बातमी मरत नाहीं, हें त्यांनीं सिद्ध केलें. पण ती दोन्ही बाजूंनीं एकांगी होते, हेंही तितकेंच खरें. दोन्हीकडे विचारून खात्री करणारा तिसरा माणूस तेथें उभाच राहूं शकत नाहीं.

परकी सत्ता गेली, तरी हा द्वेष गेला नाहीं. शेजारच्या राजापुरांत फेब्रुवारी २०२३ मध्यें पत्रकार शशिकांत वारिशे यांना मोटारीनें चिरडलें. त्याच दिवशीं त्यांची बातमी प्रसिद्ध झाली होती, आणि ती ज्याच्याविषयीं होती त्याच इसमावर खुनाचा आरोप ठेवण्यांत आला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानें २०१७ सालींच कायदा केला होता. तरी हें घडलें.

असा प्रसंग घडला कीं केवळ वार्ताहर बिचकतो असें नाहीं. त्याला माहिती देणारा शेतकरी, कारकून, शेजारीही तोंड मिटतो. मग गांवांत उरते ती कुजबुज. कायद्याचें काम कायदा करो. पण आपल्या हातीं कांहींच नाहीं असें नव्हे. वार्ताहर दारीं आला, तर विषय आपणांस अप्रिय असला तरी त्याला ओटीवर बसवावें, पाणी द्यावें आणि ठाऊक असेल तेवढें खरें सांगावें. आंबोलीच्या रानांत त्या दोघांना जें मिळूं शकलें नाहीं, तें निदान आपल्या घरीं त्याला मिळावें.