परक्या पैशाचा परवाना

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावी, किंबहुना त्या परिसरातील कोणत्याही गावी, हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोलीच्या वा वसमतच्या बाजारात विकली गेली की कुटुंबाच्या हाती एकरकमी पैसा येतो. आणि उसनवारी, पीककर्ज, पुढच्या हंगामाचे बेणे व घरातील मंगलकार्य यांची तरतूद वजा जाता जे काही शिल्लक राहते त्याचे काय करावे, हे सांगणारा एक मनुष्य गावात नेहमीच असतो. पूर्वी तो पोस्टाचा किंवा विम्याचा एजंट असे, पुढे पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारा झाला, आणि आता म्युच्युअल फंडाचे अर्ज भरून घेणारा एखादा पदवीधर तरुण ती जागा घेऊ पाहत आहे. त्याच्या आधीच्यांना जे ओळखीवर व शब्दावर भागत असे ते याला भागत नाही. रोखेबाजारात पाऊल टाकण्यापूर्वी त्याने एक परीक्षा उत्तीर्ण केली पाहिजे, असा दंडक आहे.

ही परीक्षा घेणारी संस्था महाराष्ट्रातच आहे. रोखेबाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’ने २००६ साली स्थापिलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचा, म्हणजे ‘एनआयएसएम’चा, विस्तीर्ण परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यात असून त्याचे उद्घाटन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. २००७ च्या नियमावलीने बाजारातील निरनिराळ्या कामांसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरविले आणि त्यासाठी परीक्षांच्या क्रमांकित मालिका तयार झाल्या. म्युच्युअल फंड वितरकाची ‘पाच-अ’ ही मालिका गावातल्या तरुणाशी सर्वांत निकटची. तीत १०० प्रश्न, दोन तासांचा अवधी, उत्तीर्ण होण्यास ५० टक्के गुण, आणि चुकीच्या उत्तरास गुणवजावट नाही. अमेरिकेत २०१८ पासून अशीच एक प्रवेशपरीक्षा आहे. तीत ७५ गुणदायी प्रश्न असतात, कोणत्याही पेढीची नोकरी नसलेला अठरा वर्षांचा मनुष्यही तिला बसू शकतो. मात्र तीत उत्तीर्ण झाला म्हणून त्याला रोखे विकण्याचा अधिकार मिळत नाही.

आपल्याकडील परीक्षेविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो असा, की तीत कोणता शेअर घ्यावा याचे ज्ञान मिळते. ते तीत जवळजवळ नाही. प्रकरणामागून प्रकरण वाचीत गेले की ध्यानी येते ते हे, की अभ्यासक्रमाचा सारा रोख एकाच पृच्छेवर आहे: हा पैसा कोणाचा, तो कोणाच्या अमानतीत आहे, आणि त्याला हात लावण्याचा अख्त्यार कोणाला? शेअर आणि कर्जरोखा यांतील भेददेखील याच पृच्छेचा एक पोटभाग आहे. शेअरधारक हा कंपनीचा अंशतः मालक, म्हणून नफा झाला तर लाभांशाचा हक्कदार, पण कंपनी बुडाली तर सर्वांची देणी भागल्यावर उरेल त्याचा धनी. कर्जरोखेधारक हा सावकार, व्याजापलीकडे त्याची आकांक्षा नाही, परंतु वसुलीच्या रांगेत तो मालकाच्या पुढे उभा असतो.

परीक्षार्थी ज्या प्रकरणावरून झरझर पुढे जातात, त्यावर मला थांबावेसे वाटते, कारण मराठवाड्याला त्याची गरज सर्वांत अधिक आहे. ते प्रकरण नियामकांचे. बँकांवर रिझर्व्ह बँकेची, विम्यावर ‘इर्डा’ची, निवृत्तिवेतन योजनांवर ‘पीएफआरडीए’ची आणि शेअर, रोखे व म्युच्युअल फंड यांवर ‘सेबी’ची देखरेख असते, हे चार ओळींत पाठ होते. परंतु राज्याच्या कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकांकडे, आणि ‘मल्टिस्टेट’ म्हणून मिरविणारी संस्था २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्यान्वये दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे जबाबदार असते, हे पाटी पाहून कोणाच्या लक्षात येणार? सहकारी बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही; काउंटर, पासबुक आणि गणवेशधारी शिपाई मात्र दोन्हीकडे सारखेच. अलीकडच्या वर्षांत मराठवाड्यात ज्या मल्टिस्टेट संस्थांना टाळे लागले त्यांच्या दारांशी उभ्या राहिलेल्या ठेवीदारांपैकी कितीकांनी ठेव ठेवताना विचारले असेल, की यांचा हिशेब तपासतो कोण? विचारले नसेल, तर तो दोष त्यांच्यावर ढकलण्यापेक्षा त्यांना ठेव ठेवायला सांगणाऱ्यावर ढकलणे अधिक रास्त आहे.

म्युच्युअल फंडात नुकसान होत नाही असे मुळीच नाही. तेथे मुद्दलाची हमी कोणीही देत नाही, आणि देणारा भेटला तर तो खोटे बोलतो असे खुशाल समजावे. तेथे जे संरक्षण आहे ते निराळ्या जातीचे आहे. पैसा न्यासाचा, त्यावर देखरेख विश्वस्तांची, गुंतवणुकीचा निर्णय मालमत्ता व्यवस्थापन कंपनीचा, आणि रोख्यांचा ताबा अभिरक्षकाकडे, अशी चौघांत वाटणी मुद्दाम केलेली असते, जेणेकरून व्यवस्थापन कंपनीचे दिवाळे वाजले तरी गुंतवणूकदारांची मालमत्ता तिच्या धनकोंच्या हाती लागू नये. युनिटची किंमत फंडाच्या मालमत्तेच्या त्या दिवसाच्या बाजारभावावरून काढावी लागते. १९६४ साली सुरू झालेल्या युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेत हे होत नव्हते, किंमत संस्था ठरवीत असे, आणि आतील मालमत्ता व बाहेर सांगितलेली किंमत यांतील अंतर अनावर झाल्यावर जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्रीच थांबवावी लागली. सरकारी छापावर विसंबलेल्या असंख्य मध्यमवर्गीय घरांना तो धक्का बसला.

अर्थात हे नियम कोणा विद्वानाने निवांत बसून रचलेले नाहीत. प्रत्येकामागे एकेक अनर्थ आहे, आणि त्यांतील पहिला कापसाचा आहे. हिंगोली ही निजामाच्या मुलखातील छावणी आणि कापसाची पेठ. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांचा तिकडचा पुरवठा खुंटला तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर मुंबईत शेअरांचा उन्माद माजला. प्रेमचंद रायचंदांसारख्या दलालाचे नाव पत मिळण्यास पुरेसे होते. मुदतीच्या सौद्यांचा भरणा १ जुलै १८६५ रोजी व्हायचा होता. तत्पूर्वीच युद्ध संपले, कापूस गडगडला, आणि त्या दिवशी कागदोपत्री लक्षाधीश असलेल्यांपाशी देण्यास काहीच नव्हते. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी संघटना बांधली, तीच आजची बीएसई. सौदा आणि त्याची पूर्तता यांतील अंतर जितके लांब तितका धोका मोठा, हा तेव्हाचा धडा गिरवीत गिरवीत बाजार २७ जानेवारी २०२३ रोजी सर्व शेअरांसाठी सौद्याच्या दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पूर्तता होण्यापर्यंत येऊन पोहोचला.

मधल्या काळात १९९२ चे हर्षद मेहता प्रकरण घडले, त्याच वर्षी १९८८ पासून कायद्याच्या बळाविना असलेल्या ‘सेबी’ला वैधानिक अधिकार लाभले, आणि १९९६ च्या निक्षेपागार कायद्याने शेअरच्या कागदाला, व त्याबरोबर खोट्या सह्यांना व हरवलेल्या टपालाला, रजा मिळाली. परंतु कागद गेला म्हणून लबाडी गेली नाही. दलालाला दिलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे ग्राहकांचेच शेअर स्वतःच्या कर्जासाठी तारण ठेवल्याबद्दल हैदराबादच्या कार्वी पेढीवर ‘सेबी’ने २२ नोव्हेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले, त्यानंतर, १ सप्टेंबर २०२० पासून, शेअर ग्राहकाच्याच खात्यात ठेवून तेथेच तारणाची नोंद करण्याची पद्धत आली. परीक्षेत यावर एखाद-दुसरा गुण मिळत असेल. व्यवहारात यावर एखाद्याचे आयुष्य अवलंबून असते.

साखऱ्याच्या शेतकऱ्याचा रोखेबाजाराशी आणखी एक संबंध आहे, आणि तो हळदीतून येतो. हळदीचे वायदे ‘एनसीडीईएक्स’ या शेतमालाच्या वायदेबाजारात होतात, २८ सप्टेंबर २०१५ रोजी वायदे बाजार आयोग ‘सेबी’त विलीन झाल्यापासून त्यांवरही तिचीच सत्ता आहे. लागवडीनंतर भाव पडेल अशी भीती असलेल्या शेतकऱ्याने क्विंटलला १४,००० रुपयांनी वायदा विकला, आणि काढणीला बाजार १२,००० वर आला, तर माल स्वस्तात गेला तरी वायद्यात २,००० मिळून हिशेब बरोबर बसतो. भाव १६,००० झाला तर मालात मिळालेले वायद्यात जाते. गोष्ट सरळ दिसते, पण एका सौद्याचे परिमाण ५ टन, म्हणजे ५० क्विंटल असते. भाव २,००० नी वर गेला की हळद अजून जमिनीत असताना लाख रुपये रोख भरावे लागतात, आणि तेही रोजच्या रोज हिशेब होऊन. ज्याच्या घरी ५० क्विंटल हळद नाही त्याने केलेला हा सौदा विमा नव्हे, जुगार होय. आणि हे ज्याला सांगता येत नाही त्याने गावात वायद्याचे दुकान मांडू नये.

उरला वितरकाच्या मेहनतान्याचा प्रश्न. ऑगस्ट २००९ पर्यंत तो ग्राहकाच्या रकमेतून आधीच कापला जाई; ते बंद झाले, आणि २०१८ पासून पैसा फंडात राहील तोवरच थोडे थोडे कमिशन मिळते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेची ‘डायरेक्ट’ प्रतही असते, जीत मध्यस्थ नाही व म्हणून खर्च कमी. पोस्टाचे एजंट आणि निवृत्त शिक्षक यांच्यासाठी ‘पाच-ब’ ही ५० प्रश्नांची हलकी परीक्षाही ठेवली आहे, मात्र त्यांना साध्याच योजना विकता येतात. साखऱ्यासारख्या गावी अशा निवृत्त गुरुजींकडे कोणी आला, तर त्याने त्यांचा एआरएन, म्हणजे वितरक-नोंदणीचा क्रमांक, अवश्य विचारावा, तो फंडांची संघटना असलेल्या ‘ॲम्फी’कडे पडताळता येतो आणि त्याची मुदत तीनच वर्षांची असते, आणि गुरुजींनी त्याला सांगावे की हीच योजना माझ्याशिवायही मिळेल, स्वस्तातही मिळेल, पण मग केवायसी, नामनिर्देशन आणि मंदीत पैसे काढून न घेण्याचा धीर हे सारे तुम्हाला स्वतःच सांभाळावे लागेल. एवढे ऐकूनही तो म्हणाला की गुरुजी, तुम्हीच बघा, तर ते कमिशन हक्काचे झाले.