रिंग वाजते आहे, पण कुठे?

कार्यालयातल्या आयपी फोनवरून कुणी रत्नागिरीचा एक जुना लँडलाइन नंबर लावतो. कानात रिंग वाजत राहते. घरी कुणी नसेल असं समजून तो मिनिटाभरानं फोन ठेवतो. पलीकडे मात्र घंटी वाजलेलीच नसते. तो नंबर केव्हाच बंद झालेला असतो आणि एक्सचेंज मराठीत, हिंदीत, इंग्रजीत तेच सांगत असतं. मधल्या गेटवेनं ती सूचना पुढे सोडलेली नसते आणि कानातली रिंग टेबलावरच्या फोननंच तयार केलेली असते.

इंटरनेटवरची टेलिफोनी आणि जुनं टेलिफोनचं जाळं जोडणारं यंत्र म्हणजे गेटवे. आवाज इकडचा तिकडे नेणं हे त्याचं त्या मानानं सोपं काम. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबिट, हा हिशेब दोन्हीकडे चालतो. खरी कसोटी सिग्नलिंगची. पलीकडे घंटी वाजते आहे का, फोन उचलला का, लागला नाही तर कशामुळे, हे फोन करणाऱ्याला खरंखरं कळेल की नाही ते गेटवेच्या सेटिंगवर ठरतं. ही सेटिंग म्हणजे निव्वळ तांत्रिक उरकाउरक नव्हे, असं माझं ठाम मत आहे. फोन करणारा पुढे काय करायचं ते तिच्याच भरवशावर ठरवतो.

एके काळी सिग्नल आवाजाच्याच तारेतून जात. अमेरिकेत लांब पल्ल्याची ट्रंक लाइन मोकळी असल्याची खूण म्हणजे २,६०० हर्ट्‌झचा सूर. तो नुसत्या शिट्टीनंही काढता येतो हे जो एन्ग्रेसिया या अंध मुलाला लहानपणीच उमगलं होतं. १९७१ साली 'एस्क्वायर' मासिकात रॉन रोझेनबॉम यांनी लिहिलेल्या लेखामुळे ही पळवाट जगजाहीर झाली. सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७ हे १९८० चं आंतरराष्ट्रीय मानक रुळलं, तशी सिग्नलना आवाजापासून वेगळी वाट मिळाली. आपल्याकडे कंपन्या आणि इस्पितळं जी पीआरआय लाइन घेतात, तिची रचनाही याच तत्त्वावर आहे. २.०४८ मेगाबिटच्या त्या लाइनमध्ये आवाजासाठी ३० चॅनेल असतात आणि सिग्नलिंगसाठी एक स्वतंत्र.

इंटरनेटवाल्यांनी वेगळा रस्ता धरला. मार्च १९९९ मध्ये इंटरनेटवर कॉल जुळवणारा सिप हा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला आणि जून २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झ्रिन हे त्याच्या कर्त्यांपैकी एक. सिपचे संदेश वाचता येतील अशा साध्या ओळींत असतात आणि उत्तरांचे आकडे वेबच्या धर्तीवर. हरवलेल्या वेब पानावर दिसणारा ४०४ इथेही आहे.

कॉल न लागण्याच्या कारणांची एक्सचेंजकडची यादी मात्र याहून बारकाईची. १ म्हणजे असा नंबरच नाही, २ आणि ३ म्हणजे तिथवर जायला मार्ग नाही, १७ म्हणजे लाइन एंगेज, ३४ म्हणजे चॅनेल मोकळं नाही. यातलं काय सिपमध्ये कशात बदलायचं याचा तक्ता डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३३९८ या दस्तऐवजात आला. त्यात १७ चा ४८६ होतो, ३४ चा ५०३, आणि १, २, ३ या तिन्हींचा ४०४. उलट दिशेनं येताना ४०४ चा होतो १. म्हणजे एखादा कॉल जुन्या जाळ्यातून इंटरनेटवर आणि तिथून पुन्हा जुन्या जाळ्यात गेला, तर मार्गातल्या बिघाडामुळे न लागलेला चालू नंबरसुद्धा अस्तित्वात नाही असं ठरू शकतं. त्याच महिन्यात यावर उपायही आला. मूळ कारण जसंच्या तसं सोबत नेणारी 'रीझन' नावाची ओळ सिपच्या संदेशात जोडता येते. गेटवेवर ती चालू ठेवावी, एवढंच.

आता त्या खोट्या रिंगकडे. एक्सचेंज सूचना ऐकवतं तेव्हा कॉल 'उचलला' असं धरत नाही, म्हणून त्याचे पैसे पडत नाहीत. लाइनवर ऐकण्यासारखं काही आहे एवढी खूण ते पाठवतं. पीआरआयवर ती प्रोग्रेस इंडिकेटर ८ अशी येते. गेटवेनं त्यावर सिपचा १८३ पाठवून आवाजाची वाट लगेच खुली करायची असते. त्याऐवजी त्यानं नुसता १८०, म्हणजे 'घंटी वाजते आहे' एवढाच संदेश पाठवला, की फोन स्वतःच रिंग वाजवत बसतो.

'उचलला' या क्षणाचं मोल एसटीडी बूथ चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको. पलीकडे फोन उचलला की एक्सचेंज लाइनची पोलॅरिटी उलटवायचं आणि त्या खुणेवर बूथचा मीटर धावू लागायचा. आज साध्या तांब्याच्या लाइनवर लावलेल्या गेटवेलाही हीच खूण लागते. लाइनवर ती मिळत नसेल, तर कित्येक गेटवे आकडे फिरवून होताच कॉल जोडला असं सांगून मोकळे होतात. मग न उचललेल्या फोनचीही वेळ हिशेबात चढते.

या कामातल्या माणसांना ३२ सेकंद हा आकडा पाठ असतो. कॉल व्यवस्थित लागतो, बोलणं सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास कॉल तुटतो. कारण असं, की 'उचलला' या संदेशाची पोच आली नाही तर सिप तोच संदेश पुन्हापुन्हा पाठवतं. अर्ध्या सेकंदाची ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद झाले की प्रयत्न सोडून कॉल बंद करतं. ती पोच बहुधा फायरवॉल किंवा राउटरनं बदललेल्या पत्त्यामुळे भलतीकडे गेलेली असते. आवाज ठीक असल्यानं दोष मात्र लाइनवर ढकलला जातो.

गेटवे बसवताना नियमांचंही भान हवं. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली, पण देशातल्या टेलिफोन जाळ्याला ती जोडायची नाही या अटीवर. ही भिंत २०१८ मध्ये हटली. नंबरांचे नियमही बदलत असतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो. सिपमध्ये नंबर बहुधा +९१ ने सुरू होतो, म्हणून ते काढून शून्य लावण्याचा नियम गेटवेत लिहावा लागतो.

सर्वांत नाजूक बाब फोन करणाऱ्याच्या नंबरची. सिपच्या 'फ्रॉम' ओळीत पाठवणारा हवा तो आकडा भरू शकतो. परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे बनावट कॉल अडवणारी केंद्रीय यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या २४ तासांत तिनं १.३५ कोटी कॉल रोखले, असं सरकारनं जाहीर केलं. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली जात असताना हा आकडा छातीत धडकी भरवतो. अमेरिकेनं नंबरावर डिजिटल सही करण्याची पद्धत जून २०२१ अखेर मोठ्या कंपन्यांना बंधनकारक केली. पण ती सही सिपच्या संदेशातून जाते. पीआरआयच्या संदेशात तिला जागाच नाही, त्यामुळे वाटेत एक जरी जुना टप्पा लागला तरी ती गेटवेवरच गळून पडते.

म्हणून नवीन गेटवे बसवणाऱ्याला माझी विनंती आहे. चालू नंबरावर एक कॉल लागला की काम झालं, असं धरू नका. बंद पडलेला नंबर लावा, एंगेज असलेला लावा, स्विच ऑफ मोबाइल लावा, कुणी उचलणार नाही असाही एक लावा. दर वेळी रिसीव्हर कानाला लावून एक्सचेंज काय सांगतंय ते ऐका आणि लॉगमधला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. मग दोन्ही दिशांनी एकेक कॉल लावा आणि उचलून पुरता मिनिटभर चालू ठेवा.