एकदा सिझेरियन, मग नेहमीच सिझेरियन?

एकदा सिझेरियन झाले की पुढेही तेच, असा इशारा न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली दिला. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घेत. कळांमध्ये हाच भाग जोराने आकुंचन पावतो, त्यामुळे तिथला व्रण फाटण्याची भीती असे. आता बहुधा खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेतात. असा एकच व्रण असलेल्या, प्रयत्न करणाऱ्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते. व्रण फाटण्याचा धोका साधारण २०० मध्ये १.

पोटावरच्या व्रणावरून मात्र आतला छेद कळत नाही! म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत आणि प्रसूतीसाठी तातडीची शस्त्रक्रिया व रक्त मिळेल असेच रुग्णालय निवडावे.