बाहेर न पडणारा श्वास

तरावीहच्या नमाजला निघालेले एखादे बुजुर्ग मशिदीच्या जिन्यावर मध्येच कठडा धरून थांबतात. जेजुरीचा गड चढणारे आजोबाही असेच थांबतात. "वय झालं, दुसरं काय!" म्हणून दोघेही ते हसण्यावारी नेतात. पण प्रत्येक धाप वयाची नसते. वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढलेल्या किंवा चुलीपुढे आयुष्य काढलेल्या माणसाच्या धापेमागे एम्फिसीमा असू शकतो. आपण त्याला सरसकट 'दमा' म्हणून मोकळे होतो. हा आजार नेमका काय आहे, हे रोजाच्या दिवसांत समजून घेणे जास्तच गरजेचे आहे.

आपल्या फुप्फुसांत द्राक्षांच्या घडासारखे हवेचे कोट्यवधी चिमुकले फुगे असतात. ते सगळे उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे दोन बेडरूमच्या घराएवढी! या फुग्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. एम्फिसीमात या भिंती फाटतात. शंभर लहान फुग्यांच्या जागी काही मोठे, ढिले फुगे उरतात. जागा तेवढीच दिसते, पण प्राणवायू घेणारा पृष्ठभाग घटतो.

दुसरे नुकसान लवचीकपणाचे. नवा फुगा सोडला की आपोआप आकसतो, जुना सैल पडतो. सैल झालेल्या फुप्फुसातून हवा पूर्ण बाहेर पडत नाही. श्वास सोडताना बारीक नळ्याही मिटतात आणि जुनी हवा आत अडकते. म्हणजे खरी अडचण श्वास सोडण्याची आहे. आत जागाच नसेल तर नवी हवा येणार कुठून? स्टेथोस्कोप शोधणारे फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१९ मध्येच अशा फुगलेल्या फुप्फुसांचे वर्णन केले होते.

त्रास फुप्फुसापुरता राहत नाही. अडकलेल्या हवेने छाती पिंपासारखी गोल होते. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा चपटा होऊन त्याचा जोर कमी पडतो. मग मानेचे, खांद्याचे स्नायू मदतीला येतात. केवळ श्वास घेण्यातच इतकी शक्ती खर्च होते, की माणूस वाळत जातो. पुढे प्राणवायू कमी पडून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि पाय सुजतात.

मुख्य कारण तंबाखूचा धूर. धुराशी लढायला आलेल्या पेशी जी रसायने सोडतात, ती फुग्यांच्या भिंतीच पोखरतात. पण ज्यांनी कधी बिडी हातात धरली नाही, अशा बायकांनाही हा आजार होतो. फुंकणीने चूल पेटवणारी, बंद खोलीत शेणी-लाकडाचा धूर सोसणारी आई, मग ती आयेशा असो की अनसूया, फुप्फुसाला फरक पडत नाही. घरात रुग्ण असेल तर लोबान आणि धूप-अगरबत्तीचा धूरही टाळलेला बरा. काही थोड्या लोकांत हा आजार जन्मजात दोषामुळेही होतो.

दम्यात आवळलेल्या नळ्या औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. एम्फिसीमात फाटलेली भिंत पुन्हा बांधता येत नाही. म्हणून लवकर कळण्याला महत्त्व. जोरात फुंकर मारून करायची 'स्पायरोमेट्री' ही साधी तपासणी हवेच्या वाटेतला अडथळा दाखवते. धूम्रपान सोडले तर गेलेले परत येत नाही, पण फुप्फुसाची घसरण मंदावते. पंपाची औषधे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, नियमित चालणे आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे यांनी दिवस सुसह्य होतात.

आता रोजाविषयी. "पंप घेतला तर रोजा तुटेल" म्हणून कित्येक रुग्ण महिनाभर पंप कपाटात ठेवतात. रोजात पंप चालतो की नाही, यावर उलेमांमध्ये दोन मते आहेत. आजारी माणसाला मात्र कुरआनने स्पष्ट सवलत दिली आहे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींनुसार, त्याने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. ज्यांना ते झेपणारच नाही, त्यांच्यासाठी फिदिया, म्हणजे गरिबाला जेवण देण्याची सोय आहे. ही सवलत वापरणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे.

ज्यांचा आजार आटोक्यात आहे, त्यांना डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा घ्यायची औषधे सहेरी आणि इफ्तारच्या वेळी बसवून देऊ शकतात. ते त्यांनाच विचारावे, मनाने बदल करू नयेत. इफ्तारला एकदम पोटभर खाऊ नये; भरलेले पोट वर दाबते आणि धाप वाढते. थोडे खाऊन, नमाजनंतर पुन्हा थोडे खावे. आणि श्वास कोंडला, ओठ निळसर पडले, तर मगरिबच्या अजानची वाट पाहू नये. पंप घ्यावा आणि तडक दवाखाना गाठावा. रोजा नंतर ठेवता येतो.

शेवटचा शब्द बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. रोजात तेरा-चौदा तास तुम्ही धुराशिवाय राहता. कामही करता, नमाजही पढता. खजूर तोंडात टाकताच खिशात जाणारा हात आवरायचा, इतकेच उरते. दिवस तर तुम्ही जिंकलाच आहे, आता फक्त संध्याकाळ जिंकायची आहे.