शाळेचे दार बंद असताना



शाळा बंद पडली म्हणजे मुलाचे शिकणे बंद पडले, असे आपण सहजच धरून चालतो. हे अर्धे खरे आहे. ते किती खरे आणि किती खोटे, याचा अनुभव अलीकडच्या काळात ज्या शहरांनी घेतला त्यांत बंगळूर हे एक होय. म्हणून आजचे विवेचन त्या शहराच्या आधारे करावयाचे आहे.

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये कर्नाटकातील शाळांना कुलूप लागले. पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा उघडले ते २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधल्या दीड वर्षात नाना प्रयोग झाले. पाचवीपर्यंतच्या मुलांना पडद्यावरून शिकवू नये, असे राज्य सरकारने जून २०२० मध्ये ठरविले. उच्च न्यायालयाने जुलैत त्या निर्णयास स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये 'विद्यागम' या योजनेखाली सरकारी शाळांचे शिक्षक स्वतःच मुलांच्या वस्तीत जाऊ लागले आणि देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली वर्ग भरू लागले. साथीच्या भयाने ऑक्टोबरात तेही थांबले. २०२० च्या जूनमध्ये ज्याने पहिलीत जावयाचे, त्याने वर्गाचे तोंड पाहिले तेव्हा तो दुसरीत होता.

या काळात मुलांचे काय झाले, हे बंगळूरच्याच अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसते. कर्नाटकासह पाच राज्यांतील दुसरी ते सहावीची १६,०६७ मुले तिच्यात तपासली गेली. त्यांपैकी ९२ टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले भाषेतील एखादे तरी कौशल्य गमावून बसली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नवे शिकता आले नाही एवढेच हे नुकसान नव्हते. जे येत होते तेच गेले होते. आणि गेले ते काय? चित्र पाहून चार वाक्ये बोलणे, ओळखीचे शब्द वाचणे, दोन अंकी संख्या ओळखणे. मोठ्या माणसाला सायकल विसरत नाही म्हणतात. पण सात वर्षांच्या मुलाचे वाचन हे अजून सायकल झालेले नसते, ते नुकतेच पाय टाकणे असते. रोज थोडे पडले-उठले नाही तर पाय विसरतात.

तेव्हा घरात करावयाचे ते काय? सर्वसाधारण आईबापांची पहिली धाव घराची शाळा करण्याकडे असते. वेळापत्रक भिंतीवर लागते, दहा वेळा पाढे लिहून घेतले जातात आणि चौथ्या दिवशी सारे घर त्रासून जाते. माझ्या मते ही धावच चुकीची आहे. शाळेपाशी नसलेली एक गोष्ट घरापाशी आहे: एका मुलाशी एका वडीलधाऱ्याला निवांत बोलता येते. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला बोलण्याची किती मिनिटे येणार? आज बाजारात काय पाहिलेस, हे अथपासून इतिपर्यंत सांगावयास लावणे आणि त्यातले एक वाक्य त्याच्याकडून लिहून घेणे, हा भाषेचा पूर्ण धडा आहे. लहान मुलाने सांगावे, आजीने ते उतरून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच ते वाचावे. स्वतःचे शब्द मूल उत्साहाने वाचते.

बंगळूरच्या मराठी घरात तर भाषेची मोठीच खाण आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती सतराव्या शतकात. तेव्हापासून येथे मराठी नांदते आहे आणि नोकरीनिमित्त आलेल्यांची त्यात सतत भर पडते. मूल शाळेत कानडी आणि इंग्रजी शिकते, घरी मराठी बोलते. पण देवनागरीत लिहिलेले आजोबांचे पत्र पुष्कळदा त्याला वाचता येत नाही. बंद शाळेच्या दिवसांत त्याला एक खेळ द्यावा: दोन्ही घरांत राहणारे शब्द शोधून काढणे. आपले तूप म्हणजे शेजारच्या कानडी घरातले तुप्प. आपली अक्का त्यांची अक्क. अण्णा तिकडेही अण्ण. अडकित्त्यात तर कानडी सुपारीच, म्हणजे अडिके, लपून बसली आहे. असे वीस शब्द दोन लिप्यांत लिहून झाले की दोन लिप्यांचा सराव आपोआप घडतो, आणि शेजारच्या आजींशी गप्पा होतात त्या वेगळ्याच.

गणितासाठी स्वयंपाकघर पुरे. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या किती आणल्या म्हणजे अडीच लिटर होईल? चार माणसांना दोन वाट्या तांदूळ लागतात. सहा आली तर? हे सांगण्याचीही गरज नसावी इतके उघड आहे, परंतु आपण मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यातच धन्यता मानतो.

यापेक्षा थोडा विस्तार करावासा वाटतो तो सावलीच्या प्रयोगाचा. बंगळूर हे सुमारे तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांत सूर्य वर्षातून दोन दिवस भर माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. बंगळुरास हे दिवस २४ एप्रिल आणि १८ ऑगस्ट यांच्या आसपास येतात. ऑगस्टात ढगांचा भरवसा नसतो. एप्रिलात मात्र आकाश बहुधा मोकळे असते, आणि शाळेला उन्हाळ्याची सुटीही असते. गच्चीवर सपाट जागी एक उभट डबा ठेवावा. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावी. सावली आखडत जाते, आणि बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी डब्याच्या बुडाखाली नाहीशी होते. मग मूल विचारतेच, बाराला का नाही? आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि बंगळूर त्याच्या पश्चिमेस आहे, म्हणून येथली माध्यान्ह उशिरा होते, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

त्याच दिवशी पुण्याच्या मावसभावाला एक मीटरची काठी उभी करावयास सांगावे. तेथे माध्यान्ह सुमारे बारा तेहेतीसला होते, आणि काठीची सावली नाहीशी होत नाही. जवळजवळ दहा सेंटीमीटर उरते, तीही उत्तरेकडे. फोनवर दोन्ही मापे जुळवावी. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थिनीस या ग्रीक विद्वानाने दोन गावांच्या सावल्यांतील अशाच फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. नऊ वर्षांच्या मुलाने तो हिशेब करावा असे नाही. इथे नाही, मग तिथे सावली का, एवढे त्याच्या मनात घोळू लागले तरी पुरे.

आता एक अडचण सांगितलीच पाहिजे. हे सर्व त्या घरासाठी झाले, जेथे वडीलधाऱ्यांना फुरसत आहे. बंगळूरच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुराच्या एका खोलीत गच्ची नसते, नकाशा नसतो, आणि दिवसभर मोठे माणूसही नसते. त्या मुलांसाठी शिक्षणानेच उठून जावे लागते. २०२० मध्ये सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे आणि पाढे रंगविले. मुले येता-जाता वाचू लागली. याचे मूळ आपल्याकडे जुने आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर पाहिले की वारली मुले गुरे राखावयास जातात, शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच गुरांमागे कुरणात नेली.

शाळा पुन्हा उघडते त्या दिवशीचे एक काम शिक्षकांकडे येते. मूल तिसरीत आले म्हणून त्याच्या हाती लगेच तिसरीचे पुस्तक देऊ नये. पहिले दोन आठवडे त्याला बोलते करावे, ओळखीचे शब्द वाचावयास द्यावे, सुट्या पैशांचा हिशेब करावयास सांगावा. आणि घरी लिहिलेली वही असेल तर ती मागून घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचावी.