नदीसाठी पाणी विकत?

उन्हाळ्यात सोनगीरहून धुळ्यास गेलात, तर पांझरेत पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसेल. मग मासे जगावेत कसे? ऑस्ट्रेलियात २००७ च्या कायद्यानंतर सरकारने मरे-डार्लिंग खोऱ्यातील राजीखुशीने विकणाऱ्या शेतकऱ्यांचे पाणीहक्क घेऊन ते पाणी नदीला दिले.

हिशेब करा. हेक्टरला १० सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे १,००० घनमीटर. नदीत सेकंदाला १०० लिटर पाणी दिवसभर वाहते ठेवण्यास ८,६४० घनमीटर लागतील. म्हणजे पावणेनऊ हेक्टरांची पाळी! (शेतात मुरलेले थोडे पाणी नदीत परततेच, तेव्हा खरी बचत कमी.)

महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातही पाणीहक्कांच्या व्यापाराची तरतूद आहे. पण पांझरेवरील फडांत पाटकरी पाळीने पाणी देतो. एकाने आपला वाटा नदीत सोडला, की पाटातला प्रवाह घटतो आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचण्याआधीच त्यातले बरेच पाणी मुरते. त्या शेतकऱ्याची भरपाई कोणी करायची?